ती मॅनेज करते

"घरचं काही टेन्शन नाही हो, बायको सगळं मॅनेज करते!" हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललो आहोत, तेही कौतुकाने. कुरिअर कंपनीतला एक मॅनेजर तर आईचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून रोजच बोलायचा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस सतत बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंगाखालची चादर दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून सरकवायची, असं नर्सने दाखवलं होतं. सून ते एकटीनेच करायची. त्या दुपारी तिच्या कमरेत लचक भरली आणि ती पलंग आणि भिंतीच्या मधे खाली बसली, ती उठेचना. सासूबाई तिच्याच बाजूला कलंडलेल्या. त्यांना बोलता येत नव्हतं. सुनेने एका हाताने त्यांना कसंबसं थोपवून धरलं. स्वयंपाकघरात फोन वाजून वाजून बंद झाला. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळाने नवरा आत्यांना स्टेशनवरून घेऊन आला. आत्या म्हणजे इंग्रजीच्या निवृत्त बाई, आजारी वहिनीला बघायला आलेल्या.

"अगं, फोन उचलायला काय होतं?" तो दारातूनच ओरडला. मग आत आला, आणि धावतच पलंगाशी गेला.

दोघांनी आईला सरळ केलं, बायकोला झोपवलं. "रोज तर मॅनेज करतेस! आज काय झालं?" तो पुटपुटला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तूही ऑफिसात मॅनेजच करतोस ना रे?" आत्यांनी विचारलं. "हाताखाली माणसं किती?"

"नऊ."

"एखादा आला नाही तर?"

"दुसरा बोलावतो. नाहीतर वर कळवतो, आज जमणार नाही म्हणून."

"मग हिने कोणाला बोलवायचं? कोणाला कळवायचं?"

तो चादरीच्या चुण्या सरळ करू लागला.

"हाताशी माणसं असतील आणि नाही म्हणायची सोय असेल, तर त्याला मॅनेज करणं म्हणतात, बाळा. हिने नुसतं सोसलं. तू त्याला इंग्रजी नाव देऊन मोकळा झालास!"

आईची कूस बदलायची वेळ झाली होती. त्याने एकट्याने चादर ओढून पाहिली. आई जागची हलली नाही, फक्त कण्हली. त्याला रडूच आलं. इतके महिने ही हे कसं करत होती?

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आई कशी आहे? वहिनी मॅनेज करतात ना?"

"नाही रे. तिची कंबर धरली आहे. मला एकट्याला जमत नाही. तू ये."

पलीकडून उत्तर आलं, "बघतो."

"बघू नकोस, ये!"

भाऊ येईल की नाही, कोण जाणे. आत्या मात्र गुडघे धरत उठल्या आणि पलंगाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

मंडळी, आपल्या घरातही कोणीतरी 'मॅनेज' करत असेल. तिचं कौतुक पुरे झालं. चादरीचं दुसरं टोक धरा.