पाण्यावरची पिवळी ज्योत

२००९ साली चैताली बाणेरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर गेम बनवत होती. गेममध्ये अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी असे चार जादूगार होते. पाण्याने आग हमखास विझायची, म्हणून जो तो जलजादूगारच निवडायचा. खेळात रंगत उरली नव्हती.

रविवारी विश्रांतवाडीच्या घरी ती लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली होती. आई, चंद्रभागाबाई, मागून बघत होती.

"प्रत्येक आग पाण्यानं विझते, असं कुणी सांगितलं तुला? सोडियमवर पाणी टाक. उलट आग लागेल."

"आई, ही जादू आहे."

"मग जादूला काय नियम नसतात?"

सोमवारी चैतालीने हे टीमचा प्रमुख श्रीनिवासला सांगितलं. त्याला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

आईने विभागप्रमुखांची परवानगी घेतली आणि शनिवारी दोघांना आपल्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये बोलावलं. चष्मे दिले, जाड काचेमागे उभं केलं. रॉकेलात बुडवलेला सोडियम चिमट्याने काढून तिने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला. पाण्यावर फिल्टर पेपर तरंगत सोडला.

"नुसता टाकला तर पळत सुटतो. कागदावर एका जागी तापतो. मग पाण्यातून निघालेला हायड्रोजन पेट घेतो."

तुकडा ठेवून ती मागे सरली. पाण्यावर पिवळीधमक ज्योत उठली.

"म्हणजे पृथ्वीजादूगाराला हा धातू दिला, तर पाणी टाकणाराच भाजेल!" श्रीनिवास ओरडला. "मॅडम, आपण इथे किती वर्षं शिकवताय?"

"आई कॉलेजात असते," एवढंच चैतालीने ऑफिसात सांगितलं होतं. लोकांनी प्राध्यापक समजलं, ते तिने समजू दिलं होतं.

"शिकवत नाही. लॅब अटेंडंट आहे," आई म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं बाटल्या धुतेय, द्रावणं बनवतेय. शिकवणारे वेगळे. त्यांचा प्रयोग फसला की मला हाक मारतात."

श्रीनिवास मनापासून हसला आणि त्याने वही उघडली. "मग आता वायूचं सांगा."

आई तासभर सांगत होती. आपण आजवर काय लपवत होतो, हेच चैतालीला कळेना. तिची मान आपोआप ताठ झाली होती.

गेम पूर्ण झाल्यावर शेवटी पडद्यावर येणारी श्रेयनामावली चैतालीनेच टाइप केली: 'रसायन सल्लागार: चंद्रभागा भीमराव ओव्हाळ, लॅब अटेंडंट.'

"हुद्दा ठेवायचा?" श्रीनिवासने विचारलं.

"ठेवायचा," ती म्हणाली. "आणि अक्षरं जरा मोठी कर."