पाठीखालची दुलई

मी एक जुनी दुलई आहे. मात्र अंगावर ओढायची नव्हे, पाठीखाली टांगायची. मित्रांनो, हसू नका. दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत एकदा झोपून पाहा. वरून कितीही पांघरा, थंडी खालूनच चावते.

माझी मालकीण जंगलात पक्षी मोजते आणि रात्री अशाच झोळीत झोपते. एका हिवाळ्यात ती पाठ आखडून, काठी टेकत घरी आली. "पुन्हा असं झालं तर कायमचं ऑफिसात बसवीन," साहेबांनी बजावलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिची मावशी गाद्या शिवते. ती म्हणाली, "रडतेस काय? मशीन काय शोभेला ठेवलंय?"

तिने हलकं नायलॉनचं कापड आणलं, कृत्रिम कापूस ठासून भरला आणि बोटाबोटावर टाके घातले. काय माझा रुबाब! मग मावशीने मला गॅलरीतल्या झोळीखाली करकचून बांधलं आणि पहाटेच्या गारठ्यात स्वतः वर पडली.

"अगं बाई, पाठीला फरशी लावल्यासारखं वाटतंय!" खाली हात घालून तिने मला चाचपलं. "गाद्या ठासून भरायचा हात पडला बघ माझा. कापसाला फुगायला जागाच ठेवली नाही, ऊब राहणार कुठे?"

टाके उसवताना फार लागलं, खोटं कशाला सांगू! या वेळी तिने बाहेरचं कापड आतल्यापेक्षा मोठं घेतलं, कापूस सैल पसरला, टाके लांब लांब घातले, कडांतून इलॅस्टिकची दोरी ओवली. आता मी झोळीला नुसती टेकले.

"ही दुलई की फुगलेला पाव?" मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, विचारलं.

"तुम्ही बोलू नका, आत पडा. वजनाला घरात दुसरं आहे कोण?"

काका पडले आणि घोरू लागले. मी पास झाले.

पुढे कितीतरी हिवाळे मालकीण जंगलातून ताठ चालत घरी आली. आणि मग हीच शहाणी मला घट्ट गुंडाळून पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली कोंबून विसरली. परवा बाहेर काढलं तेव्हा मी कागदासारखी चपटी.

"मावशी, ही संपली गं. टाकून देऊ?"

"तुझ्यावर एवढी पुस्तकं रचली असती तर तू नाचत उठली असतीस का? दोरीवर मोकळी सोड आधी."

वारा लागला, दोघींनी झटकलं, आणि माझ्यात हळूहळू जीव आला.

मित्रांनो, मळले तर धुवा, उसवले तर शिवा, मी कुरकुरणार नाही. फक्त दाबून ठेवू नका. उद्या मालकीण जंगलात निघते. यंदा गारठा जास्त आहे म्हणतात. असू दे. मी पुरेशी फुगले आहे.