दोन्ही हात उचलले

विजयसिंह आबांची कंबर धरली, म्हणून वृषाली मालिश करायला पिंपळीला त्यांच्या बंगल्यावर आली होती. दार उघडं ठेवायचं, हा तिचा नियम. आबांची बायको चहा टाकायला आत वळली, तसे पालथे झोपलेले आबा म्हणाले, "दार लाव गं. वारं लागतंय."

"वारं न्हाय, आबा."

ती कमरेला तेल चोळू लागली. आबांचा हात सरकत तिच्या मांडीवर आला. चुकून लागला असेल म्हणून ती बाजूला झाली. हात परत आला आणि त्यानं मांडी घट्ट धरली.

"तुझ्या नवऱ्याला कारखान्यात कुणी चिकटवलं, ध्यानात हाय न्हवं?"

वृषालीची कानशिलं तापली. मालिश चालू असताना आपला एक हात कायम माणसाच्या अंगावर ठेवायचा, म्हणजे तो दचकत नाही, असं ती शिकली होती. तिनं आबांचा हात झटकला आणि आपले दोन्ही हात उचलले.

आबा दचकून उठायला गेले आणि कळवळून तसेच आडवे झाले. "आगं, उठव तरी मला!"

तिनं तेलाच्या बाटलीला टोपण लावलं.

"काकी, हितं या," तिनं आवाज चढवला. "आबांनी मला कुठं हात लावला ते सांगते. मग उठवायचं का न्हाय, तुमी ठरवा."