दाराबाहेरची बातमी

साल एकोणीसशे एकसष्ट. त्या वर्षी आमचं जुनं इस्पितळ बंद होऊन मागच्या मोकळ्या जागेतल्या नव्या इमारतीत जायचं होतं. मी तिथे टायपिस्ट होते आणि माझी धाकटी बहीण तिथेच पेशंट.

परवा माझी नात कसलासा कोर्स करून आली. प्रोजेक्ट मॅनेजमेंट. "आजी, आज पहिला धडा होता. काम हातात घेण्याआधी ते संपलं हे कसं ओळखायचं, ते ठरवायचं." मी म्हटलं, "मग दुसऱ्या दिवशी विचारतील, आधी काय आणि मग काय." ती बघतच राहिली. तिला काय सांगणार, की हे सगळं मी पोलिओच्या वॉर्डात, फिनेलच्या वासात ऐकलंय.

धाकटीला पोलिओ झाला तेव्हा ती शाळेत होती. हातपाय गेले, आणि छातीही गेली. तेव्हापासून ती लोखंडी यंत्रात होती. आडव्या पिंपासारखं यंत्र, त्यातून फक्त डोकं बाहेर. पायाकडचा चामड्याचा भाता विजेवर हले आणि तिची छाती वरखाली करी. श्वास बाहेर पडेल तेवढ्यातच तिला बोलता येई, म्हणून तिची वाक्यं तुकड्यातुकड्यांनी यायची. डोक्यावर तिरका आरसा लावलेला होता. त्यात ती वॉर्ड पाही, दार पाही, माणसांची तोंडं पाही. बाकी कामच काय होतं तिला! आई रोज सकाळी येऊन तिची वेणी घाले. मी दुपारच्या सुट्टीत जाई.

अशी सहा यंत्रं त्या वॉर्डात होती आणि त्यांच्यावर मेट्रनबाईंचं राज्य होतं. उंच, सुकलेल्या, आवाज खर्जातला. त्यांचा एक नियम सगळ्या इस्पितळाला पाठ होता: ओली छत्री आणि वाईट बातमी, दोन्ही दाराबाहेर. "या मुली कान झाकू शकत नाहीत, उठून जाऊ शकत नाहीत," त्या म्हणायच्या. "त्यांच्यासमोर ज्याला रडगाणं गायचंय, त्याने आधी माझी गाठ घ्यावी." त्यामुळे त्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा हसत यायचे. कुणाचा ताप वाढला तरी "छान, छान." मला तो नियम फार आवडायचा. आपल्या माणसाला कुणीतरी जपतंय, असं वाटायचं.

इस्पितळ हलवायचं काम एका इंजिनिअरला दिलं होतं. बुटका माणूस, कोट नेहमी एका खांद्यावरून घसरलेला. त्याला टायपिस्ट हवी होती, म्हणून मला त्याच्या हाताखाली दिलं. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या खात्यांच्या प्रमुखांना बोलावलं आणि विचारलं, "इस्पितळ हललं, हे आपल्याला कधी कळणार?"

धुलाईखान्याचा मुकादम म्हणाला, "कळायचं काय त्यात? इथे कुलूप लागलं की."

"कुलूप तर आग लागली तरी लागेल. पेशंट नव्या खाटेवर, औषध हाताशी, पाणी गरम, आणि इथे होतं ते सगळं तिथे चालू. तेव्हा हललं. त्याच्या आधी कुणी 'झालं' म्हणायचं नाही."

मग त्याने एकेका कामाची चिठ्ठी भिंतीला टाचली आणि प्रत्येक चिठ्ठीपुढे उभं राहून विचारत राहिला, "याच्या आधी काय?" चादरी न्यायच्या. आधी काय? कपाटं. कपाटांच्या आधी? रंग वाळायला हवा. चिठ्ठीपासून चिठ्ठीपर्यंत त्याने दोरा ताणला. "जो दोरा सगळ्यात लांब, तो तारीख ठरवतो," तो म्हणाला. "बाकीच्यांना थोडी ढील आहे. त्याला नाही." आठवड्याभरात लोकांनी त्याचं नावच 'आधी काय' पाडलं. मुकादम तर मागून म्हणायचा, "जेवायच्या आधी काय? भूक! चला रे."

सगळ्यात लांब दोरा आमच्या वॉर्डाचा निघाला. यंत्रांना वीज हवी. विजेची मुख्य केबल दोन्ही इमारतींना मिळून एकच, ती जुनीकडून सोडवून नवीकडे जोडायची. आणि वीज गेलीच तर भाते हलवायला जनरेटर हवा. जुना जनरेटर तळघरात बुडालेल्या जहाजासारखा रुतलेला होता, तो हलण्यातला नव्हता. नवा मागवलेला होता.

मेट्रनबाई वॉर्ड सोडून बैठकीला येईनात. "माझ्याकडे नर्सा मोजक्या. मी गेले आणि एखादा भाता अडकला, तर तुमचा दोरा ओढून श्वास येणार आहे का?" इंजिनिअरला त्यांच्यावाचून चालणार नव्हतं. त्याने बैठकच वॉर्डात आणली. कोपऱ्यात टेबल मांडलं, चिठ्ठ्या तिथल्या भिंतीवर आल्या. सहा भात्यांच्या हुश्श-हुश्श आवाजात आमच्या बैठका सुरू झाल्या.

आणि मेट्रनबाईंचा नियम आम्हा सगळ्यांना लागू झाला.

हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. इंजिनिअर आपला सवयीने विचारायचा, "काय बिघडू शकतं?" त्याच्या मते हाच प्रश्न सगळ्यात मोठा होता. पण त्या खोलीत त्याला उत्तर कोण देणार? समोर सहा डोकी, सहा आरसे. "काही नाही, सगळं ठीक," असं म्हणून माणसं हसायची. मी तसंच टाइप करायची.

वायरमन आमच्याकडचा जुना माणूस. पोट सुटलेलं, कानावर पेन्सिल. त्याला काहीही विचारलं की "होऊन जाईल." बायको म्हणे लग्नात विचारत होती, घर कधी घेणार, तेव्हापासून हेच उत्तर. इंजिनिअरने विचारलं, "जनरेटर आला?"

"आला."

"बसवला?"

"बसवला की. चांगला काँक्रीटमध्ये."

"चालतो?"

वायरमनने धाकटीच्या आरशाकडे पाहिलं आणि पोट खाजवलं. "होऊन जाईल."

पुढच्या बैठकीलाही तेच, त्याच्या पुढच्याही. इकडे डायरेक्टरसाहेबांनी उद्घाटनाची तारीख ठरवून टाकली होती. कुणी बडे पाहुणे यायचे होते, पत्रिका छापून वाटल्या होत्या. त्याच दिवशी सकाळी केबल नव्या इमारतीला जोडायची, तोवर यंत्रं जुन्या जनरेटरवर, आणि दुपारी वॉर्ड हलवायचा.

उद्घाटन आठवड्यावर आलं तेव्हाची बैठक मला आजही काल झाल्यासारखी दिसते. इंजिनिअरने शेवटचं विचारलं, "काय बिघडू शकतं?" सगळे हसले. कागद गोळा व्हायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"वायरमनकाका."

धाकटी बैठकीत कधी बोलायची नाही. सगळे वळले.

"जनरेटर... चालू करून... पाहिला?"

"होऊन जाईल गं पोरी. तू कशाला डोक्याला त्रास..."

"होईल का... नाही विचारलं. झालाय का... विचारलं." भाता खाली गेला, वर आला. "मी तुमचं तोंड... रोज बघते. होऊन जाईल म्हणताना... तुम्ही माझ्याकडे बघता... आणि मग जमिनीकडे."

मेट्रनबाई उठल्या. "हे इथे नको. काय बोलायचं ते बाहेर बोलतील."

"बाहेर बोललेलं... माझ्यापर्यंत येत नाही... बाई. आणि श्वास... तर माझाच आहे."

वायरमनने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. मग एकदम खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नाही चालत. त्याचं बटणांचं पॅनेलच आलेलं नाही. कंपनीवाले पुढच्या आठवड्याचा वायदा करतात, दर आठवड्याला. मी सांगणार होतो हो साहेब. पण इथे कसं सांगू? या पोरींच्या तोंडावर? आणि एकदा चारचौघांत होईल म्हटलं, मग बाहेर येऊन नाही म्हणायला जीभ उचलेना."

इंजिनिअर भिंतीकडे गेला. त्याने जनरेटरची चिठ्ठी काढली आणि पुढे सरकवली. दोरा ओढला गेला. वॉर्डाची चिठ्ठी सरकली, केबलची सरकली, आणि उद्घाटनाची तारीख दोऱ्याच्या मध्येच कुठेतरी लटकत राहिली. घसरलेला कोट त्याने वर घेतला आणि धाकटीच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. "मी चुकीच्या खोलीत विचारत होतो," तो म्हणाला.

"खोली बरोबर होती," ती म्हणाली. "माणसं... लाजत होती."

तिच्या पलीकडच्या यंत्रातली मुलगी फिस्सकन हसली. मेट्रनबाई मात्र खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्याच दुपारी मी इंजिनिअरबरोबर डायरेक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा होता.

"तारीख बदलणार नाही," साहेब म्हणाले. "अहो, वीज जाते कितीदा?"

"एकदा गेली की पुरे."

"हाताने भाते हलवता येतात ना?"

"थोडा वेळ. सहा यंत्रं, दमलेली माणसं. हलवताना तेच करणार आहोत, पण तेव्हा रस्ता केवढा ते ठाऊक आहे. वीज कधी परत येईल, हे कुणालाच ठाऊक नसतं."

"म्हणजे सहा मुलींसाठी सगळं इस्पितळ थांबवायचं?"

"एक असती तरी दोरा तेवढाच लांब असता, साहेब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला काम संपवायला ठेवलंय, अडवायला नाही. केबल ठरल्या दिवशी जोडली जाईल. तुमची सही नसली तर दुसऱ्याची."

दुसऱ्याची सही मिळणं काय अवघड? त्या इमारतीत 'नाही' म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तेवढ्यात दार उघडलं आणि मेट्रनबाई आत आल्या. त्यांना वॉर्डाबाहेर मी पहिल्यांदाच पाहत होते. पदर खोचलेला, धाप लागलेली.

"साहेब, एक वाईट बातमी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वॉर्डातून आणलीय. जनरेटर चालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहीपर्यंत एकही यंत्र तिथून हलणार नाही. केबल सोडवायला माणूस पाठवलात तर मी दारात खुर्ची टाकून बसेन, आणि तुमच्या पाहुण्यांना तिथूनच नमस्कार करेन."

उद्घाटन पुढे गेलं. साहेब इंजिनिअरशी त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत.

पॅनेल आलं तेव्हा वायरमन धावत वॉर्डात आला. छत्री ओली होती, ती तशीच घेऊन आत. "आलं! पण एक तार जळकी निघालीय, बदलावी लागेल. सांगून ठेवतो." मेट्रनबाईंनी छत्री तेवढी त्याच्या हातातून घेऊन दाराबाहेर ठेवली. तार बदलल्यावर त्यांनी नव्या इमारतीत जाऊन, केबल जोडायच्या आधी, नुसत्या जनरेटरवर एक जादा भाता हलताना पाहिला. परत येऊन धाकटीला म्हणाल्या, "चालला. आवाज फार करतो. पहिल्यांदा सुरू झाला नाही, दुसऱ्यांदा झाला." हे सगळं त्यांनी तिला सांगितलं, याचंच मला नवल वाटलं.

हलवायच्या दिवशी ऊन होतं. एकेक यंत्र भिंतीच्या प्लगातून सुटायचं आणि त्याच क्षणी भात्याचा पायाकडचा दांडा माणसाच्या हातात यायचा. ओढ, सोड. ओढ, सोड. धाकटीची पाळी आली तेव्हा दांड्यावर वायरमन होता. आई तिच्या डोक्याशी चालत होती, मी बाजूला. अंगणाच्या मधोमध गटाराच्या झाकणावर चाक अडकलं. यंत्र कललं, आरसा हलला. आईने तोंडावर हात धरला. "ढकलू नका, उचला!" इंजिनिअर ओरडला. माणसं खाली वाकली. वायरमनच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण त्याचा दांडा थांबला नाही.

"काका," धाकटी म्हणाली, "होऊन... जाईल?"

"गप गं भवाने," तो म्हणाला, "मला हसवू नकोस. हात सुटेल."

चाक सुटलं. नव्या भिंतीत प्लग गेला, भाता आपोआप हलला, आणि वायरमन जमिनीवर बसला तो कितीतरी वेळ उठलाच नाही.

गंमत म्हणा की काय म्हणा, त्या सबंध वर्षात नव्या वॉर्डाची वीज गेली नाही. डायरेक्टरसाहेब ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "बघा, उगाच घाबरवलं." इंजिनिअरला काम संपताच निरोप मिळाला होता, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. मला साहेबांचा फार राग यायचा. एकदा मी धाकटीपाशी तणतणले. ती म्हणाली, "ताई, वीज गेली नाही... म्हणून मी झोपत नाही. गेली तरी चालेल... म्हणून झोपते. ते साहेबांना... कसं दिसणार?"

डायरेक्टरसाहेब सन्मानाने निवृत्त झाले. त्यांची तसबीर नव्या इमारतीच्या जिन्यात लागली, आता ती इमारतही जुनी झाली. मुकादम धुलाईखान्यातच राहिला, कपडे धुवायची यंत्रं आली तरी. मेट्रनबाईंनी नियम थोडा बदलला: छत्री बाहेर, बातमी विचारून. निवृत्तीनंतर त्या भाचीकडे राहिल्या आणि तिथेच वारल्या. वायरमनने शेवटपर्यंत घर काही घेतलं नाही. पण कामाचं विचारलं की "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच म्हणायचा. बायको म्हणायची, याच्यापेक्षा पहिलंच बरं होतं. इंजिनिअर कुठे दूरच्या गावी पाण्याच्या टाक्या बांधायला गेला. एकदा वाट वाकडी करून वॉर्डात आला होता. कोट तसाच घसरलेला. धाकटीच्या डोक्याशी बसून त्याने विचारलं, "काय बिघडू शकतं?" आणि तिने त्याला वॉर्डातल्या सगळ्या तक्रारी ऐकवल्या, गळक्या नळापासून.

आई आधी गेली. धाकटी त्यानंतर काही वर्षांनी, छातीत कफ भरून. वीज चालू होती, जनरेटर ठीक होता, भाता हलत होता. डॉक्टर हसत आत आले, तेव्हा तिने त्यांना थांबवलं. "खरं सांगा," म्हणाली. त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग ताईला... बोलवा आधी." मी पोचले. आमचं बोलणं झालं, सगळं.