ढालीची लोखंडी वाटी

ओस्मुंडने पुन्हा घण उचलला तेव्हा पत्रा काळवंडला होता. मला दिसत होतं. त्याला नाही.

ढालीच्या मधोमध बसते ती वाटी, मागे मूठ धरणाऱ्याचा हात वाचवणारी. वायकिंगांच्या थडग्यात सापडली तशीच संग्रहालयाला हवी होती, लोखंडही तसंच. म्हणून आम्ही बहीण-भावाने सेतेसदाल खोऱ्यातल्या दलदलीतली तांबडी माती उन्हाळाभर उपसली, भाजली, वितळवली. त्यातून निघाला तो हा एकच पत्रा.

"थांब! थंड झालंय, तडकेल."

"गुन्वोर, पन्नास वर्षं लोखंडाचा रंग बघतोय मी. तू भाता मार."

त्याने पत्रा निखाऱ्यांत घातला, मी भाता मारला. पत्रा लाल झाला, नारिंगी झाला, पिवळा झाला. आता काढायलाच हवा होता. ओस्मुंड सांडशी धरून उभाच.

"अजून थोडा," तो म्हणाला.

कडेला ठिणगी फुटली. मी सांडशी हिसकावली आणि पत्रा बाहेर ओढला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"जळत होता तो! ठिणग्या दिसल्या नाहीत तुला?"

ऐरणीवर पत्रा निवत चालला.

"ईस्टरपासून माहितेय मला," मी म्हणाले. "शेजाऱ्यांच्या कुत्र्याला मेंढी समजून हाका मारत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकलं असतंस?"

त्याने पत्रा स्वतःच निखाऱ्यांत सरकवला. "रंग सांगत जा," तो पुटपुटला.

"नारिंगी. काढ. मार! अजून तीन... बस!"

घाव मात्र अजून त्याचेच होते, एकही चुकत नव्हता. सहाव्यांदा तापवून ठोकल्यावर वाटीचा घुमट उभा राहिला. मी वाकून काठ पाहिला.

"काठाला चीर आहे. नखाएवढी."

त्याने वाटी निवू दिली, अंगठ्याने चीर चाचपली. "जिथे संपते तिथेच खिळ्याचं भोक पाडू. पुढे जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी वाटी पाइनच्या फळ्यांवर ठोकून बसवली. ओस्मुंडने ढालीची मूठ पकडली. "कुऱ्हाड घे."

"मागे हात आहे तुझा!"

"माझाच आहे ना? मार."

मी कुऱ्हाड उचलली. डोळे मिटावेसे वाटले, पण उघडे ठेवले आणि मारली. खणकन आवाज झाला. वाटीला पोचा आला, चीर होती तेवढीच राहिली.

ओस्मुंडने हात बाहेर काढून बोटं उघडली, मिटली.

"सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील?" त्याने विचारलं.