बाहेर आल्यानंतरची वीस मिनिटं

तळ्यातून बाहेर आली तेव्हा ताई हसत होती. अंग उकडलेल्या बिटासारखं लाल झालं होतं.

"किती झाली गं?"

"बावीस मिनिटं," तिची भावजय म्हणाली. "ताई, तुम्ही बारा म्हणाला होतात."

"पलीकडचा तरंगता बोया अगदी हाताशी होता. तिथवर जाऊन परत यायचं नाही?"

ताई गणिताची शिक्षिका. बावन्न वर्षांची, आणि गेली आठ वर्षं थंडीतही तळ्यात पोहणारी. भावजयीला ती चिमणी म्हणायची, कारण ती सदा गारठलेली असे. चिमणी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करी. ताईच्याच आग्रहानं यंदा ती पाण्यात उतरू लागली होती. आज पाणी आठ अंशांवर होतं. चिमणी सहा मिनिटांत बाहेर येऊन, कपडे बदलून, टोपी घालून काठावर उभी होती.

ताई मात्र ओल्या कपड्यांतच एका ओळखीच्या बाईशी गप्पा मारत राहिली. चिमणीनं दोनदा टॉवेल पुढे केला. "अगं हो, घेते," म्हणत तिनं तो नुसताच खांद्यावर टाकला. ती बाई निघून गेली तोवर काठ रिकामा झाला होता.

कपडे बदलायच्या खोलीत ताईचे दात वाजायला लागले. बोटं पोहायच्या कपड्याच्या पट्ट्याशी झटत होती, पट्टा काही सुटत नव्हता.

"शॉवर सोड. कढत," ती म्हणाली. शब्द जड येत होते, जिभेखाली खडा ठेवल्यासारखे.

चिमणी जागीच थिजली. पहिल्याच दिवशी ताईनंच तिला बजावलं होतं: बाहेर आल्यावर अंग आतून आणखी गार होत जातं. लगेच गरम पाणी घेतलंस तर रक्तदाब पडेल, तिथंच कोसळशील. आधी अंग न चोळता कोरडं हो, मग कपडे, मग गोड आणि कोमट काहीतरी.

"ताई, शॉवर नाही. आधी अंग पुसू."

"तू मला शिकवणार?" ताई भिंतीला धरत शॉवरकडे निघाली. "बाजूला हो!"

चिमणीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत चिमणीनं नणंदेचा शब्द एकदाही खाली पडू दिला नव्हता. ती शॉवरच्या दारात आडवी उभी राहिली.

"ढकला मला. पण आत सोडणार नाही."

ताईनं ढकललं. त्या हातात जोरच नव्हता. जोराच्या धक्क्यानं घाबरली नसती, तेवढी चिमणी त्या दुबळ्या धक्क्यानं घाबरली.

तिनं ताईला कंबरेला धरून बाकावरच्या घोंगडीवर आडवं केलं, पट्टा पिशवीतल्या कात्रीनं कापला, ओलं सगळं काढलं. अंग चोळावंसं फार वाटत होतं, पण ती नुसतं टिपत राहिली. कोरडा सदरा, दोन स्वेटर, जाड पायजमा, मोजे. स्वतःची टोपी काढून ताईच्या डोक्यावर चढवली, स्वतःचा कोटही पांघरला. मग फोन लावला आणि स्पीकर चालू करून बाकावर ठेवला.

"अँब्युलन्स निघाली आहे," पलीकडची बाई म्हणाली. "त्या थरथरतायत का?"

चिमणीनं पाहिलं. थरथर थांबली होती. आत्ता, या क्षणी थांबली होती.

"नाही," ती म्हणाली. "म्हणजे बरं वाटायला लागलंय ना त्यांना?"

"नाही. शरीर थकलं की थरथर थांबते. त्यांना उठवू नका, चालवू नका. अगदी हळुवार हाताळा. नीट गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका. तुम्ही त्यांना बिलगून झोपा."

चिमणी कोटाखाली शिरली. ताईचं पोट, पाठ, सगळं दुकानातल्या भिंगासारखं गार. "ताई, सातचा पाढा म्हणा."

"सात... एके सात. सात दुणे..." ताई थांबली. डोळे अर्धवट मिटलेले. "पुढचं सांग ना गं."

गणिताच्या शिक्षिकेनं हे विचारलं होतं. चिमणीनंच पाढा म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा म्हणताना हनुवटीखाली काहीतरी हलल्यासारखं झालं. ताईचा खांदा थरथरत होता. आधी हलकेच, मग एवढ्या जोरात की बाक करकरायला लागला.

"थरथरतायत!" चिमणी फोनवर ओरडली. "पुन्हा थरथरतायत!"

अँब्युलन्सवाल्यांनी मोजलं तेव्हा अंगाचं तापमान बत्तीस अंशांच्या थोडं वर होतं. त्यांनी ताईला आडवंच उचलून नेलं.

संध्याकाळी दवाखान्यातून घरी सोडलं. चिमणीचा नवरा गाडी चालवत होता, ताई मागच्या सीटवर आडवी होती, चिमणी तिच्या पायाशी.

"ताई?"

"आहे गं."

दर दोन मिनिटांनी हेच. चौकाजवळ चिमणीनं पुन्हा हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

"गाडी थांबवा," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ता थांबवा!"

गाडी कडेला थांबली. चिमणीनं ताईच्या नाकाशी हात धरला. श्वास उबदार होता. ताई गाढ झोपली होती. तरी चिमणीनं हात काढला नाही, आणि नवऱ्यानंही बराच वेळ गाडी सुरू केली नाही.