पेवेन, पुमा आणि पाहुणा

रविवारी सकाळीच एरमिंदामावशी अंगणात सुरीला धार लावत बसली होती. पाहुणा आला की घरची मेंढी कापायची आणि उरलेलं मटण त्याच्या खोगिराला बांधून द्यायचं, ही आमच्या डोंगरातली रीत. विधवा मावशीच्या तीन मेंढ्यांतल्या दोन पुमानं नेल्या होत्या. तिसरी गाभण होती. संकट तिच्या घरावर आलंय, तर रविवारची प्रार्थनाही तिच्याच घरी व्हावी, असं शेजारच्या सेगुंदो पेल्याओनं मोठ्या कळवळ्यानं सुचवलं. सगळ्यांना पटलं. आपापली मेंढरं नीट कोंडून आम्ही वेळेवर हजर झालो.

प्रार्थना घ्यायला गावोगाव फिरणारे धर्मोपदेशक ओनोफ्रेबंधू, म्हणजे त्या दिवशीचे पाहुणे, गिटार घेऊन आले. गळा असा, की ऐकताना डोळे आपसूक भरावेत. त्या दिवशी त्यांनी आमचं पेवेनचं झाड आणि पुमा गाण्यात समोरासमोर उभे केले. पेवेन देवानं लावलं तिथंच राहतं, पुमा दारोदार हिंडतो. बर्फ झेलूनही पेवेन लेकरांपुढं बिया टाकतं, पुमा लेकरांच्या तोंडचा घास पळवतो. दर कडव्याला आम्ही "धन्य, धन्य" म्हणत होतो, आणि एक डोळा मेंढीवर होता. सेगुंदोनं तर खिशातून मिरचीची पुडीही आणली होती.

मावशी सुरी घेऊनच दारात आली.

"बंधू, येक इचारू? पेवेन कुणाकडं पाहुणं जातं का वो?"

गिटार थांबली. "न्हाई, मावशी. ते कुठं जातंय."

"आन् पुमा?"

"त्यो येतो."

"येतो, खातो, उरलंसुरलं घिऊन जातो. त्याला म्या नावं ठेवत न्हाई. पर तुमच्या गाण्यात तुमी सोता कोण, तेवढं सांगा. मंग कापते."

बंधू कानापर्यंत लाल झाले. त्यांनी तारा जुळवल्या आणि नवं कडवं गायलं: आज पाहुण्याचं ताट पेवेननं वाढायचं. गाता गाताच उठून त्यांनी मेंढीचं दावं सोडलं. खरं सांगतो, इतकं गोड ते कधीच गायले नव्हते.

मग आम्ही उकडलेल्या बिया सोलत बसलो. बंधूंनी पुन्हा मागून घेतल्या.

मावशीच्या दोन मेंढ्या पुमानं नेल्या, तेव्हा गावात कुणी हूं की चूं केलं नव्हतं. परतताना मात्र तिसरीसाठी आम्ही वाटभर हळहळत होतो.

"काय गुबगुबीत व्हती," सेगुंदो म्हणाला, आणि खिशातली मिरचीची पुडी चाचपत राहिला.